सालोमीची काळी स्क्रीन

वसईतल्या गिरीज गावच्या सालोमी तुस्कानोला जिचा संशय येणार नाही अशी वस्तू देवाने अजून घडवली नव्हती. दूधवाला आला की ती मापाकडे नाही, मापात बुडालेल्या त्याच्या अंगठ्याकडे बघायची. रिक्षावाल्याने हसून "या आंटी, सोडतो" म्हटलं की मुकाट्याने चालत जायची. फुकट सोडतो म्हणणारा माणूस पुढे काय मागेल त्याचा काय नेम? तिची थोरली बहीण आल्बिना घरामागची केळीची वाडी सांभाळायची. दोघी बहिणी बिनलग्नाच्या, एकाच छपराखाली म्हाताऱ्या होत चाललेल्या. आल्बिना कपाळावर हात मारून म्हणायची, "सालू, उद्या तुला स्वर्गात घेतलं ना, तरी तू दारात उभी राहून विचारशील, एवढं सहजासहजी कसं काय घेताय म्हणून!"

"मग? विचारायला नको?" सालोमी म्हणायची.

आता गंमत बघा, बाईचा संशय दहातून आठ वेळा खरा निघायचा. त्यामुळे तर ती आणखी बिघडली! चोविसाव्या वर्षी ती चर्चच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली. बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचे दाखले, रविवारच्या सूचना असलं काम. लागून वर्षही झालं नसेल, एका जुन्या बाप्तिस्मा रजिस्टरात तिला एक नाव खटकलं. दोन नोंदींच्या मध्ये कुणीतरी मोकळी ओळ सोडली होती आणि त्या ओळीत एक बाळ बसलं होतं. अक्षर छान जुन्या वळणाचं. पण आजूबाजूच्या सगळ्या नोंदी टाकाच्या, आणि ह्या बाळाची तेवढी बॉलपेनची! कुणीतरी वाडीत वाटा मिळावा म्हणून एक वारस मागाहून जन्माला घातला होता. सालोमीने ते पान फादरांपुढे नेऊन ठेवलं आणि सगळ्या गावात तिचं नाव झालं.

त्या दिवसापासून तिने एक नेम धरला तो धरलाच. मोकळी ओळ ठेवायची नाही. मोकळी ओळ म्हणजे कुणीतरी काहीतरी घुसवायला राखलेली जागा. रजिस्टरात ती मोकळ्या जागेवर पट्टी लावून आडवी रेघ मारायची, टाइपरायटरवर असेल तर डॅशची रांग ठोकायची. अशी चोवीस-पंचवीस वर्षं गेली. फादर आले, बदलून गेले, नवे आले, पण ऑफिसातली ती लाकडी खुर्ची सालोमीची. तिच्या आयुष्यात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. घर आल्बिनाच्या नावावर, वाडी आल्बिनाच्या कष्टाची, ही खुर्ची तेवढी तिची.

आणि दोन हजार एक साली ऑफिसात कॉम्प्युटर आला.

गल्फमधून परतलेल्या कुणा भाविकाने चर्चला भेट दिला होता. सालोमीला आधी त्या भाविकाचाच संशय आला. चांगला असता तर ह्याने घरी नसता का ठेवला? पण फादर म्हणाले, "सालोमीबाई, आता शिकावं लागेल," आणि त्यांच्या त्या 'आता'मध्ये तिला बरंच काही ऐकू आलं. पलीकडच्या एका धर्मग्रामातल्या चर्चच्या टायपिस्टबाईला नुकताच हार घालून, श्रीफळ देऊन घरी बसवलं होतं, आणि तिच्या जागी कॉम्प्युटर शिकलेली पोरगी आणली होती. सालोमी दुसऱ्याच दिवशी पारनाक्याच्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसली. पन्नाशीची बाई, आजूबाजूला सगळी बारावीची पोरं.

शिकली हो ती. भराभरा शिकली. हात टायपिंगचा होताच. पण एक भलतंच झालं. ती पांढरीफटक स्क्रीन तिच्या डोळ्यांना सोसेना. ट्यूबलाइटकडे टक लावून बसल्यासारखं व्हायचं. अर्ध्या तासात डोळ्यांतून धारा, तासाभरात कपाळ ठणकायला लागायचं, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर आल्बिना ताटात काय वाढते तेही धड दिसायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं, चष्म्याचा नंबर तोच आहे म्हणाला. "जास्त उजेड सोसत नाही तुम्हाला. स्क्रीनपुढे बसणं कमी करा." कमी करा! म्हणजे खुर्ची सोडा असंच ना?

तिने हे कुणालाही सांगितलं नाही. फादरांना नाही, आल्बिनाला नाही. फक्त क्लासातल्या शिकवणाऱ्या उन्नतीला सांगितलं. तेही का, तर उन्नती बोळिंजला राहायची, हिंदू होती, तिचा चर्चशी काडीचा संबंध नव्हता. तिच्या तोंडून गोष्ट कुठे जाणार?

उन्नती हसली. "अहो आंटी, एवढंच ना? कलर्स चेंज करा ना! हे बघा, इथे राइट क्लिक मारायचं. विंडो ब्लॅक, अक्षरं यलो. झालं? आता ह्याला एक नाव द्या, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं नाव सिलेक्ट करायचं, परत परत सगळं करायला नको."

सालोमीने त्या रंगांना स्वतःचंच नाव दिलं. काळाभोर पडदा आणि त्यावर फिकट पिवळी अक्षरं, शाळेतल्या फळ्यासारखी. डोळ्यांना असा गारवा वाटला की तिला तिथेच रडू आलं. पण बाई ती सालोमीच. रुमालाने डोळे टिपता टिपता विचारते, "आणि प्रिंट? ती पण पिवळी येईल?"

"नाही हो. प्रिंट काळीच येणार. हे फक्त तुमच्या डोळ्यांसाठी."

तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने तीन पानं छापून उजेडात धरून बघितली. काळी होती. मग कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

दीड वर्ष सुखात गेलं. मग हिलरी आला.

हिलरी रुमाव तिशीतला, वालीवच्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा आणि दुपारी तीनपर्यंत मोकळा व्हायचा. पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळावर, नवीन निवडून आला होता. तरुणांच्या कार्यक्रमांच्या सूचना तोच टाइप करील असं ठरलं आणि फादरांनी त्याला ऑफिसची दुसरी किल्ली दिली. दुसरी किल्ली! सव्वीस वर्षांत किल्ली एकच होती आणि ती सालोमीच्या पर्समध्ये होती. ती दीडला घरी जायची, हा साडेतीनला यायचा. मग संध्याकाळपर्यंत हा तिथे एकटा काय करतो? तरुणांची सूचना असून असून किती लांब असणार?

आणि एका सकाळी तिने कॉम्प्युटर चालू केला तर स्क्रीन पांढरी. कुणीतरी तिचे रंग पुसून मूळचे रंग लावले होते. तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने गुपचूप आपलं नाव निवडलं, पडदा काळा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पांढरा. तिने काळा केला. तिसऱ्या दिवशी पांढरा. ही सकाळी नऊला काळा करायची, तो दुपारी साडेतीनला पांढरा करायचा, असं महिनोन्‌महिने चाललं, पण दोघांपैकी एकाने तोंडाने "का हो?" म्हणून विचारलं असेल तर शपथ!

विचारलं ते त्याने शेवटी कौन्सिलच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांच्या देखत. "आंटीची स्क्रीन काळी का असते, हे एकदा कळलं तर बरं होईल. दारातून बघितलं तर आत काय लिहिलंय, कुणाला कळत नाही. चर्चच्या कामात लपवण्यासारखं काय आहे?"

सालोमीच्या अंगाची लाहीलाही झाली. सव्वीस वर्षं जिने दुसऱ्यांची लपवाछपवी पकडली, तिच्यावर हे पोरगं बोट दाखवतंय! खरं कारण सांगितलं असतं तर एका वाक्यात विषय मिटला असता. पण त्या वाक्याच्या मागोमाग हार आणि श्रीफळही आलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला तो रंग आवडतो. दुपारी दार लावून बसणाऱ्यांनी माझी चौकशी करू नये." फादरांनी हात वर करून विषय थांबवला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

हे झालं फेब्रुवारीत. जूनमध्ये हिलरीच्या घरावर आभाळ कोसळलं. त्याची बायको कॅथरिन, लग्नाला सात वर्षं होऊन पहिलीच वेळ, मुंबईच्या इस्पितळात बाळंत झाली. मुलगी झाली, पण अपुऱ्या दिवसांची. तीन दिवस जगली. दुसऱ्या दिवशी नर्सनेच घाईघाईने बाप्तिस्मा दिला, कॅथरिनने सांगितलेल्या नावाने. ब्रिटनी. हिलरीला ते नाव पहिल्यापासून नको होतं. त्याला आपल्या आईचं नाव ठेवायचं होतं. "हे काय टीव्हीवरचं नाव" म्हणून पोटात असतानाच दोघांची खडाजंगी झालेली, आणि ती आळीतल्या सगळ्यांनी ऐकलेली. पोर गेल्यावर त्याने ते नाव एकदाही उच्चारलं नाही. 'बाळ' म्हणायचा. कॅथरिनच्या काळजाला ते लागायचं. पोर गेलं ते गेलं, बापाने त्याला नावही देऊ नये?

त्या धर्मग्रामात दोन नोव्हेंबरची एक रीत होती. मृतांच्या दिवशी संध्याकाळी सगळं गाव दफनभूमीत जमायचं. कबरी धुऊन, झेंडूच्या फुलांनी सजवलेल्या. वर्षभरात गेलेल्यांची नावं फादर एकेक करून वाचायचे, आणि नाव वाचलं की त्या घरच्यांनी आपल्या कबरीवरची मेणबत्ती पेटवायची. त्याआधी नाही. नावं घरच्यांनी ऑफिसात द्यायची, ऑफिसने आपणहून घालायची नाहीत. तान्ह्या बाळांची नावं काही घरं देत, काही देत नसत. ज्याचं दुःख त्याने ठरवायचं.

ऑक्टोबरभर सालोमी यादी टाइप करत होती. तीस नावं झाली. हिलरीच्या घरून काही आलं नव्हतं. तिच्या लक्षात होतं हो! चांगलं लक्षात होतं. एकदा मनात आलंही, की कुणाच्या हाती निरोप धाडून विचारावं. पण मग तिला मीटिंग आठवली. 'माझ्यावर संशय घेतो काय? यावं की स्वतः!' तिने निरोप धाडला नाही.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी तिने पडदा काळा केला, यादी उघडली, आणि ती ताठ झाली. बाविसाव्या आणि तेविसाव्या नावाच्या मध्ये दोन ओळींची मोकळी जागा! काल नव्हती. काल दुपारी इथे कोण बसलं होतं, हे काय सांगायला हवं? म्हणजे अशी युक्ती होती तर. आधी जागा राखून ठेवायची, मग सालोमी यादी छापून मोकळी झाली की हळूच काहीतरी घुसवायचं आणि सालोमीचं काम कसं गचाळ ते चारचौघांत दाखवायचं! "माझ्याशी खेळतोस?" ती मोठ्याने म्हणाली. कर्सर तिथे नेला, दोन ओळी पुसल्या, वरची-खालची नावं जुळवली, यादी सेव्ह केली आणि तिथल्या तिथे छापून फादरांच्या हातात दिली. तीस नावं. चोख.

दोन नोव्हेंबरला फादर वाचत गेले. एकेका नावाबरोबर एकेक ज्योत लागत गेली. भिंतीलगत तान्ह्या बाळांच्या छोट्या कबरी होत्या, तिथे कॅथरिन एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात काडेपेटी घेऊन उभी होती. तिसावं नाव झालं. फादरांनी कागदाची घडी घातली आणि प्रार्थना सुरू केली. कॅथरिन तशीच उभी. सगळी दफनभूमी उजळलेली आणि तेवढा एक कोपरा काळोखा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कॅथरिनने नवऱ्याकडे वळून एवढंच विचारलं, "तू दिलंच नाहीस ना?"

"दिलं! मी स्वतः टाइप केलं!"

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली, आणि काडेपेटी त्याच्या पायाशी टाकून चालू लागली.

हिलरी तडक सालोमीकडे आला. सगळ्या गर्दीत. "माझ्या पोरीचं नाव का काढलंत? राग माझ्यावर होता ना?"

"माझ्या यादीत ते नाव नव्हतंच," सालोमी म्हणाली, आणि ती तिच्या परीने शंभर टक्के खरं बोलत होती. तिला वाटलं, हा स्वतः विसरला आणि आता बायकोच्या धाकाने माझ्यावर ढकलतोय. "नव्हतं! येशूची शपथ घेऊन सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेलाच नाही. नऊच्या ठोक्याला ऑफिसात आला आणि टेबलावर एक फ्लॉपी आपटली. "त्या दिवशीची यादी. मी कॉपी करून ठेवली होती. तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून. बघा डोळे उघडून!" आणि निघून गेला.

सालोमीने फ्लॉपी आत सरकवली. यादी उघडली. काळ्या पडद्यावर पिवळी नावं, आणि बाविसाव्याखाली तीच दोन ओळींची मोकळी जागा. नाव नाही, गाव नाही, काही नाही! तिला असा आनंद झाला म्हणता! पकडला चोर! आता हे पानच छापायचं आणि मोकळ्या जागेवर लाल पेनाने गोल करून फादरांपुढे ठेवायचं. तिने प्रिंटची कळ दाबली. प्रिंटर करकरत, एकेक ओळ ओकत चालला. बावीस नावं बाहेर आली. आणि मग तिच्या डोळ्यांदेखत, पांढऱ्या कागदावर, ठळक काळ्या शाईत दोन ओळी आल्या.

*आमची ब्रिटनी*
*हिलरी आणि कॅथरिन रुमाव यांची, वय तीन दिवस*

तिने कागदाकडे बघितलं. स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीनवर मोकळी जागा. कागदावर पोर.

तिने माउस धरून त्या मोकळ्या जागेवरून ओढला. पट्टा उजळला आणि त्यात अक्षरं उमटली. काळ्यावर काळी लिहिलेली. मग तिला हळूहळू सगळं कळलं. हिलरीने आपल्या पांढऱ्या स्क्रीनवर नाव टाइप केलं होतं. पण आंटीच्या त्या विचित्र पिवळ्या अक्षरांचा त्याला भरवसा नव्हता. पोरीचं नाव पिवळं, पुसट छापलं गेलं तर? म्हणून त्याने त्या दोन ओळींना मुद्दाम काळा रंग लावून ठेवला. त्याच्या पांढऱ्यावर ते काळं दिसलं. तिच्या काळ्यावर ते दिसलंच नाही. आणि तिने ते पुसलं. स्वतःच्या हाताने, "माझ्याशी खेळतोस?" म्हणत.

ती घरी आली ती थेट वाडीत गेली. आल्बिना केळीची वाळकी पानं कापत होती. सालोमीने तिला सगळं सांगितलं, डोळ्यांसकट. आल्बिनाने कोयता खाली ठेवला.

"हे कुणाला ठाऊक आहे?"

"कुणाला नाही. फ्लॉपी माझ्याकडे. कागद माझ्याकडे."

"मग फाड तो कागद," आल्बिना म्हणाली. "नाहीतर सांग. पण अर्धं सांगू नकोस. काळी स्क्रीन का, हे विचारतील. मग डोळ्यांचं निघेल. मग तुझी खुर्ची गेली."

सालोमीला ठाऊक होतं ते. म्हणून तर ती चार दिवस काहीच बोलली नाही. कागद तिच्या पर्समध्ये घडी घालून पडला होता. ना फाडला, ना दाखवला. आणि बाहेर गावाने तिच्या वतीने निवाडा करूनही टाकला होता. लोक म्हणायला लागले, सालोमी कितीही कजाग असली तरी यादीत खोट करायची नाही, हिलरीनेच नाव दिलं नसणार, त्याला ते नाव कुठे पसंत होतं? सव्वीस वर्षांची पुण्याई तिच्या कामाला आली. तिला खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी एक वाजता कॅथरिन ऑफिसात आली. हातात कपड्यांची बॅग होती. माहेरी निघाली होती. उंबऱ्यातच उभी राहिली.

"आंटी, मी भांडायला नाही आले. एकच विचारायचंय. हिलरीने नाव दिलं होतं का? तुम्ही नाही म्हणालात तर मी जाते. परत यायचं नाही म्हणून जाते."

एक शब्द. 'नाही'. आणि खुर्ची शाबूत राहिली असती, डोळ्यांचं गुपित झाकलं गेलं असतं, हिलरीची किल्लीही बहुधा गेली असती. सालोमीने पर्स उघडली, बंद केली. कागद दाखवून भागणार नव्हतं. ही म्हणेल, कालच छापला असेल नवऱ्याने. ही काय कमी संशयी आहे? सालोमीला पहिल्यांदा वाटलं की संशयी माणसापुढे उभं राहणं किती भयंकर असतं.

"इकडे ये," ती म्हणाली. "बस इथे." आणि तिने कॅथरिनला आपल्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत आजवर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. फ्लॉपी घातली, यादी उघडली, तारीख दाखवली. मग कॅथरिनचा हात धरून माउसवर ठेवला. "इथे मोकळी जागा दिसते ना? मलाही तशीच दिसली. ह्या मोकळ्या जागेवरून ओढ."

कॅथरिनने ओढलं. अक्षरं उमटली.

ती पुढे वाकली. मग बोट स्क्रीनवर ठेवून तिने पहिला शब्द वाचला, "आमची." आणि पुन्हा, "आमची. हे हिलरीने लिहिलं?"

"त्यानेच लिहिलं. मी पुसलं. मला दिसलं नाही. पण मला दिसलं नाही, ही अर्धीच गोष्ट आहे. मी विचारलं नाही, ती दुसरी अर्धी. त्याने काहीतरी लबाडी केली असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. माझी चूक आहे, पोरी. सगळी माझीच."

कॅथरिन "असू दे" म्हणाली नाही. का म्हणावं तिने? तिने माउसही सोडला नाही. सोडला तर नाव पुन्हा काळ्यात जाईल अशी तिला भीती वाटत असावी. "त्याला बोलवा," ती म्हणाली. "आत्ता बोलवा."

सालोमीने कारखान्यात फोन लावला. हिलरी अर्ध्या पाळीतून सुटून आला, तेलकट हातांनीच. कॅथरिनने त्याला स्क्रीन दाखवली नाही, कागदही दाखवला नाही. ती एवढंच म्हणाली, "तोंडाने म्हण."

त्याने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "ब्रिटनी." आणि एकदा म्हटल्यावर त्याला थांबताच येईना.

सालोमी व्हरांड्यात आली. फादर जेवून, हात पुसत येत होते. आतला रडण्याचा आवाज ऐकून ते थबकले. ती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि पर्समधली किल्ली काढून तिने त्यांच्या तळहातावर ठेवली.

"फादर, उद्यापासून दुसरी मुलगी बघा. ते नाव मी पुसलं. मला पांढरी स्क्रीन सोसत नाही. डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ फुटतं. म्हणून काळी करत होते."

फादरांनी किल्लीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"दोन वर्षं?" त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "सालोमीबाई, मी रोज पलीकडच्या खोलीत असतो. एकदा सांगायचं होतं. मी तुम्हाला काढलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

सालोमीने मान खाली घातली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण आता ते करायचा कंटाळा आला होता.

"हो फादर," ती म्हणाली. "तुमच्यावर भरवसा नव्हता."